केशरंजनाची सनद

रत्नागिरीत मारुती मंदिराच्या नाक्यावरून बाजारपेठेकडे उतरत राम आळीपर्यंत येणाऱ्या माणसाने दुतर्फा लागलेल्या पाट्या जरा सावकाश वाचल्या, तर केशकर्तनालयांच्या आणि ब्यूटी पार्लरांच्या पाट्या त्याच्या नजरेत भरल्यावाचून राहणार नाहीत. आणि ज्या पाटीवर पूर्वी ‘कटिंग-दाढी’ एवढाच मजकूर पुरत असे, तिच्यावर आता ‘ग्लोबल कलर’, ‘हायलाइट्स’, ‘रूट टच-अप’ अशी लांबलचक नामावळी रंगविलेली त्याला आढळेल. गणपतीला मुंबईहून चाकरमानी येण्याच्या आधीचा आठवडा आणि वैशाखातील लग्नसराई या दोन मोसमांत तर या दुकानांतून पाय ठेवायला जागा नसते. शेकडो कुटुंबांची चूल ज्या कसबावर पेटते ते कसब अंगी असणाऱ्यांस कोणी, किती काळ आणि कोणत्या शास्त्रीय पायावर शिकविले, हा प्रश्न मात्र आपल्या नगरात सहसा कोणी विचारीत नाही. तो जाहीरपणे विचारला जावा, आणि केस रंगविण्याची विद्या तिच्या सिद्धांतासह व प्रयोगासह याच जिल्ह्यात, मराठीतून आणि मातबर दाखल्यानिशी शिकविण्याची तजवीज व्हावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

केस रंगविणे हा चैनीचा मामला असून वर्तमानपत्राच्या गंभीर स्तंभात त्यास स्थान नसावे, अशी हरकत घेणारे वाचक असतील हे मी जाणून आहे. त्यांना मी याच जिल्ह्याचा इतिहास स्मरावयास सांगेन. दापोली तालुक्यातील मुरुडच्या धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली देवरुखच्या एका बालविधवेशी विवाह केला, तेव्हा गावाने त्यांना वाळीत टाकले; आणि ज्या समाजाने असे केले त्याच समाजात नवरा वारलेल्या मुलीच्या केसांवर तिची स्वतःची सोडून सर्वांची सत्ता चालत होती. त्याच काळात, १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी सभा भरवून विधवांचे केशवपन आपण करणार नाही असा निर्धार केला. पोटावर पाय येण्याची जोखीम पत्करून हातावर पोट असलेल्या कारागिरांनी आपला वस्तरा कोठे चालावा आणि कोठे चालू नये हे स्वतः ठरविले, ही गोष्ट मला महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात फार मोलाची वाटते, आणि पुढे या लेखात तिच्याकडे मी परत येणार आहे. तूर्त एवढेच म्हणतो की, पन्नाशी उलटलेली एखादी शिक्षिका आपल्या पांढऱ्या होत चाललेल्या केसांना कलप लावते, किंवा कॉलेजात जाणारी मुलगी चार बटा तांबूस करून घेते, तेव्हा ती आपल्या मस्तकावरील जो अधिकार वापरते तो तिच्या पणजीला नव्हता. आणि त्या अधिकाराची सेवा करणारी विद्या हलकी मानण्याचे काही कारण नाही.

शिवाय ही विद्या परदेशातून काल-परवा आली आहे असेही कोणी समजू नये. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेतील गंधयुक्तीच्या प्रकरणाचा आरंभच मुळी केशरंजनाने केला आहे, कारण ज्याचे केस पांढरे झाले त्याला माळा, अत्तरे, वस्त्रे आणि अलंकार शोभत नाहीत असा त्याचा अभिप्राय आहे. त्याने दिलेली कृती वाचण्यासारखी आहे. कोद्रवाचे तांदूळ आंबट द्रवात, लोखंडी भांड्यात, लोहचूर्णासह शिजवावे. त्यांचा लेप आंबट द्रवाने भिजविलेल्या केसांना लावावा. वर ओली पाने गुंडाळून दोन प्रहर थांबावे. मग तो लेप काढून आवळ्याचा लेप द्यावा, पुन्हा पाने गुंडाळून दोन प्रहर जाऊ द्यावे आणि मस्तक धुवावे, म्हणजे केस काळे होतात. एवढ्यावर न थांबता लोखंडाचा आणि आंबटाचा जो वास मागे राहतो तो सुगंधी द्रव्यांनी घालवावा, हेही तो सांगतो. ज्याने गिऱ्हाईकाच्या डोक्याला हात लावला आहे अशाच माणसाकडून ऐकून ही शेवटची सूचना ग्रंथात आली असावी, असे मला नेहमी वाटते.

या कृतीमागचे रसायन साधे आणि पक्के आहे. अम्लात विरघळलेले लोह आवळ्यातील कषाय द्रव्याशी संयोग पावते आणि त्यातून काळा रंग उत्पन्न होतो. हिरडा आणि हिराकस एकत्र करून जी शाई बनवीत ती याच संयोगाने काळी होई. आपल्या घरांतून मेंदी लोखंडी कढईत रात्रभर भिजवण्याचा, तिच्यात आवळ्याची पूड आणि चहाचे पाणी घालण्याचा जो शिरस्ता आहे, तो याच ज्ञानाचा पिढ्यान् पिढ्या झिरपत आलेला अंश होय. कृती राहिली आणि कारण विसरले गेले, म्हणून ती कृती आज जेव्हा नव्या रसायनांच्या शेजारी येऊन बसते, तेव्हा अनर्थ कोठून उद्भवला हे करणाऱ्यालाही सांगता येत नाही.

नव्या रसायनांची हकिकत अशी. केसाचा जो भाग त्वचेबाहेर दिसतो तो निर्जीव असतो. त्याच्या बाह्य आवरणावर सूक्ष्म पापुद्रे कौलांप्रमाणे एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्या आत जो गाभा असतो त्यात मेलॅनिन या रंगद्रव्याचे कण विखुरलेले असतात. हे मेलॅनिन दोन जातींचे: एक काळसर-तपकिरी, दुसरे तांबूस-पिवळे, आणि जगातील यच्चयावत माणसांच्या केसांचे नैसर्गिक रंग या दोहोंच्या कमीअधिक प्रमाणातून निघतात. १८१८ साली थेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हायड्रोजन पेरॉक्साइड शोधले आणि १८६३ साली हॉफमन या जर्मन शास्त्रज्ञाने पॅरा-फेनिलिनडायअमीन या द्रव्याचा रंजनगुण ओळखला, तेव्हा केसाच्या आत जाऊन रंग बदलण्याची वाट मोकळी झाली. १९०७ साली पॅरिसमध्ये यूजीन शुएलर या तरुण रसायनतज्ज्ञाने या मार्गाने जाणारा केशरंग तयार केला आणि दोन वर्षांनी जी कंपनी काढली तिची उत्पादने आज आपल्या राम आळीतही विकली जातात.

ट्यूबमधील अमोनियाने केस फुगतो आणि वरचे पापुद्रे उचलले जातात. पेरॉक्साइड आत शिरून मूळच्या मेलॅनिनचा काही अंश नष्ट करते. आणि त्याच वेळी ट्यूबमधील रंगहीन, लहान रेणू आत जाऊन ऑक्सिजनच्या योगाने एकमेकांशी जुळतात व रंगीत, मोठे रेणू बनून आतच अडकून पडतात. या घटनेला तीस-पस्तीस मिनिटे लागतात. गिऱ्हाईकाला घाई आहे म्हणून पंधराव्या मिनिटाला डोके धुणाऱ्याने रंग तर अर्धवट सोडलेला असतोच, पण ज्या द्रव्याचा संयोग पूर्ण झालेला नाही ते द्रव्यही त्याने त्या माणसाच्या केसांत तसेच ठेवलेले असते. मिनिटांचा हा हिशेब शिकणाऱ्याला कारणासह सांगितला, म्हणजे तो घड्याळाशी प्रामाणिक राहतो. नुसता हुकूम म्हणून सांगितला, तर गर्दीच्या दिवशी विसरतो.

येथून पुढे व्यवसायाचे खरे गणित सुरू होते. केसांच्या छटेची पातळी १ ते १० अशा अंकांनी मोजतात. १ म्हणजे काळा आणि १० म्हणजे अत्यंत फिकट सोनेरी. आपल्याकडील बहुसंख्य मस्तके १ ते ३ या पातळ्यांत बसतात. पेरॉक्साइड, ज्याला पार्लरमध्ये सारे जण डेव्हलपर म्हणतात, ते ३, ६, ९ आणि १२ टक्के अशा शक्तींत मिळते आणि बाटलीवर तेच प्रमाण १०, २०, ३० व ४० व्हॉल्यूम असे लिहिलेले असते. व्हॉल्यूमचा अर्थ इतकाच की एक लिटर द्रावणातून तितके लिटर ऑक्सिजन मोकळा होतो. ३ टक्क्यांनी रंग नुसता बसतो, ६ टक्क्यांनी पांढरे केस झाकले जातात आणि छटा एक-दोन पातळ्या वर चढते, त्याहून अधिक शक्तीने ती आणखी चढते आणि केसाची हानीही त्याच हिशेबाने वाढते. हाताशी १२ टक्क्यांचीच बाटली असेल आणि ६ टक्के हवे असेल, तर समभाग शुद्ध पाणी मिसळावे, हे चौथीच्या मुलालाही सुटणारे उदाहरण आहे; पण ते कोणी घालून दिले नाही म्हणून अनेक दुकानांत जी बाटली उघडी असेल तीच सर्वांच्या डोक्यावर रिती होते.

काळ्या केसातून काळेपणा काढत गेले की आत दडलेला उष्ण रंग क्रमाने बाहेर येतो: प्रथम तांबडा, मग नारिंगी, मग पिवळा, आणि सर्वांत शेवटी केळीच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिकट पिवळा. म्हणून राखी छटा मागणाऱ्या मुलीच्या डोक्यावर राखी रंग थेट लावला तर हाती नारिंगी लागते आणि दोष ट्यूबला दिला जातो. न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रकाशविषयक ग्रंथात रंग वर्तुळात मांडले. त्या मांडणीतून पुढे विकसित झालेल्या वर्णचक्रात जे रंग समोरासमोर येतात ते परस्परांना मारतात. हिरव्याने तांबडा, निळ्याने नारिंगी आणि जांभळ्याने पिवळा रंग शमतो. एवढे सूत्र ज्याला उमगले त्याला कोणत्याही कंपनीचा तक्ता वाचता येतो. ज्याला उमगले नाही त्याला एका कंपनीचा तक्ता पाठ असूनही दुसरीच्या दारात निरक्षर व्हावे लागते, कारण एकीच्या क्रमांकात दशांशचिन्हापुढील ६ हा आकडा तांबडी झाक दाखवितो तर दुसरीच्या क्रमांकात तोच आकडा जांभळी झाक दाखवितो.

हे सर्व प्रत्यक्षात कसे उतरते ते मी नाचणे रस्त्यावरील एका लहानशा पार्लरात पाहिले आहे. दोन खुर्च्या, एक बेसिन, भिंतीवर शेड-कार्ड आणि टेबलावर सोनाराकडे असतो तसा इलेक्ट्रिक काटा, एवढीच तेथील सामग्री. कमरेपर्यंत वेणी असलेल्या एक मध्यमवयीन बाई आल्या होत्या. पुतणीच्या लग्नासाठी त्यांना केस ‘थोडे सोनेरीवर’ करून हवे होते. चालक बाईंनी वेणी सोडली आणि वाटीला हातही न लावता खिडकीच्या उजेडात केस वरपासून खालपर्यंत बोटांनी चाळीत प्रश्न विचारण्यास आरंभ केला. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो, तेव्हा साठ सेंटिमीटर लांबीच्या केसाचे टोक चार वर्षांपूर्वीचे असते; त्या चार वर्षांत त्यावर काय काय घडले याचा जणू जबाबच त्या घेत होत्या. मुळाशी दोन-तीन बोटे कोरा, मधूनमधून पांढरा केस; त्याखाली मेंदीचा तांबूस पट्टा; आणि शेवटच्या वीतभर लांबीत पुडीतल्या कलपाचा निर्जीव काळा रंग. एका मस्तकावर तीन वेगवेगळे केस, आणि तिघांनाही एकच मिश्रण लावले तर तीन वेगवेगळे निकाल.

“काकू, मेंदी घरची होती की विकतची?” त्यांनी विचारले. विकतची होती, आणि ‘काळी’ होती. त्यावर बाईंनी मानेजवळून, कोणाला दिसणार नाहीत असे मोजके केस कापले, दोऱ्याने बांधले आणि काचेच्या वाटीत पेरॉक्साइड घेऊन त्यात अमोनियाचे थेंब टाकून ते बुडविले. विकतच्या मेंदीत धातूचे क्षार मिसळलेले असतील तर या द्रावणात केसांभोवती बुडबुडे येतात, वाटी तापते, प्रसंगी केस हातात विरघळतो. आणि हीच गोष्ट वाटीत न होता डोक्यावर झाली तर काय होईल हे सांगावयास नको. अर्धा तास वाटीकडे लक्ष ठेवून मग त्यांनी निर्णय दिला. सोनेरी होणार नाही. जुन्या रंगावर नवा रंग चढवून तो फिका होत नसतो. आज कानामागे थेंब लावून देते, दोन दिवसांनी खाज किंवा सूज आली नाही तर या, मुळांपुरते करू आणि खालची वीतभर टोके कापून टाकू. बाई नाराज झाल्या. लग्नास चारच दिवस राहिले होते. तरीही चालक बाई आपल्या म्हणण्यावरून हलल्या नाहीत. त्यांनी एका जाड वहीत तारीख, कोणत्या केसांवर काय सापडले आणि परवा कोणती ट्यूब किती ग्रॅम घ्यावयाची हे लिहून ठेवले. त्या वहीची पाने मी त्यांच्या परवानगीने चाळली. एखाद्या डॉक्टराच्या दफ्तराला शोभेल अशी ती होती. आणि ती वही इंग्रजीत नव्हती, स्वच्छ मराठीत होती.

अशी कसबी माणसे आपल्या गावात आहेत हे मला मुद्दाम सांगावयाचे आहे, कारण माझी तक्रार कारागिरांविरुद्ध नसून त्यांना एकाकी सोडून देणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध आहे. आज केशरंजन शिकू पाहणाऱ्या रत्नागिरीच्या मुलीपुढे मार्ग कोणते? ज्यांना ऐपत आहे त्या मुंबई, पुणे वा कोल्हापूर गाठतात. बाकीच्यांसाठी एखाद्या कंपनीचा माणूस हॉटेलच्या हॉलमध्ये दिवसभर प्रात्यक्षिक देतो, आपल्या ट्यूबांचे क्रमांक शिकवितो आणि सायंकाळी रंगीत प्रमाणपत्र हाती देतो. उरलेले शिक्षण मोबाइलवरील चित्रफितींतून होते. शासनाच्या औद्योगिक प्रशिक्षण पद्धतीत कॉस्मेटोलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे ही समाधानाची गोष्ट आहे. पण त्या वर्षात त्वचा, नखे, मेंदी, केशरचना, वधूची सजावट असे सारेच उरकावयाचे असल्याने रंगविद्येच्या वाट्याला येणारा अवधी तिच्या जोखमीच्या मानाने तुटपुंजा पडतो. जर्मनीत केशकर्तनाचा उमेदवार तीन वर्षे दुकानात आणि शाळेत आलटून पालटून शिकतो, अमेरिकेच्या राज्यांत ठराविक तासांची तालीम आणि परीक्षा झाल्यावाचून परवाना मिळत नाही. आपल्याकडे मात्र दुकानाची नोंद करून घेतली जाते, रंग कालविणारा हात शिकलेला आहे की नाही याची पृच्छा होत नाही.

जी पुस्तके आहेत त्यांचीही गोष्ट अशीच आहे. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकातील पहिल्या धड्याचे मस्तक बहुधा तपकिरी किंवा सोनेरी असते आणि पाणी नळाचे, गाळलेले असते. आमची भूमी जांभ्या दगडाची आहे, आणि जांभा म्हणजे लोहाचे माहेरघर. ज्या विहिरीच्या वा बोअरच्या पाण्यात हे लोह उतरते त्या पाण्याने वर्षानुवर्षे धुतलेल्या केसांवर त्याचा अंश बसत जातो, आणि पेरॉक्साइड लोहाच्या सान्निध्यात नेहमीच्या मर्यादेत राहत नाही. मिरकरवाडा बंदरावर दिवसभर उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात वावरणाऱ्या माणसाच्या केसांची टोके सूर्यानेच भुरी केलेली असतात. असा सच्छिद्र झालेला केस रंग झटकन् पितो आणि तितक्याच झटकन् टाकून देतो. नारळाच्या तेलाची सवय, माक्याचे आणि जास्वंदीचे तेल, शिकेकाई, मेंदी, पावसाळ्यात दिवस दिवस न वाळणारे लांबसडक केस, या साऱ्यांचा रंगावर होणारा परिणाम येथील हुशार कारागीर अनुभवाने ओळखतात. तो कोठेही लिहिलेला नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकणच्या मातीचा आणि पिकांचा अभ्यास मराठी शेतकऱ्यापर्यंत पोहोचविला. मग कोकणच्या केसांचा आणि पाण्याचा अभ्यास मराठी कारागिरापर्यंत का पोहोचू नये?

आता जोखमीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. पॅरा-फेनिलिनडायअमीन हे द्रव्य, ज्याला बाजारात पीपीडी म्हणतात, ते बहुतेकांना काही करीत नाही. पण ज्याच्या शरीराने एकदा त्याच्याशी वैर धरले त्याचे ते वैर जन्मभर टिकते, आणि पुढच्या प्रत्येक खेपेस अधिक त्वेषाने उठते. पापण्या सुजून डोळे मिटतात, कपाळ आणि मान पाझरू लागते. हातावर काढावयाच्या ‘काळ्या मेंदी’त हेच द्रव्य बेमालूम मिसळलेले असते, आणि जत्रेत ती हौसेने काढून घेतलेल्या पोरीचे शरीर तेथेच संवेदनशील झालेले असू शकते; वीस वर्षांनी ती पहिल्यांदा केस रंगवावयास बसते तेव्हा कोणालाच कारण समजत नाही. खऱ्या मेंदीचा रंग नारिंगी-तांबडाच येतो, काळा कधीच येत नाही, हे वाक्य प्रत्येक शाळेच्या फळ्यावर लिहिण्याच्या योग्यतेचे आहे.

अमेरिकेत १९३३ च्या सुमारास पापण्या रंगविण्याच्या ‘लॅश ल्यूर’ नामक पदार्थाने, ज्यात याच जातीचे द्रव्य होते, स्त्रियांची दृष्टी गेली आणि मृत्यूही ओढवला; १९३८ साली तेथे जो कडक कायदा झाला त्यामागे या प्रकरणाचा मोठा हात होता. आपला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा. त्याखालील नियमांनी पीपीडी असलेल्या कलपाच्या वेष्टनावर असा इशारा इंग्रजीत आणि स्थानिक भाषांत छापणे सक्तीचे केले की, या द्रव्याने काही जणांच्या त्वचेस क्षोभ होऊ शकतो, म्हणून आधी चाचणी घ्यावी; आणि भुवया किंवा पापण्या याने रंगवू नयेत, कारण अंधत्व येऊ शकते. इतका निःसंदिग्ध इशारा असूनही मिशीला कलप लावून झाल्यावर वाटीत उरलेला रंग भुवयांवर फिरविण्याची चाल आपल्या पुरुषांच्या सलूनमध्ये सर्रास दिसते. फिरविणारा दुष्ट नसतो. त्याने ते वेष्टन कधी वाचलेले नसते, वाचण्याची मुद्दाम तालीम त्याला कोणी दिलेली नसते, आणि गिऱ्हाईक तर स्वतःच ते करा म्हणत असते.

कारागिराच्या स्वतःच्या जिवाचाही प्रश्न आहे, आणि तो मला गिऱ्हाईकाच्या प्रश्नाइतकाच निकडीचा वाटतो. कर्करोगावरील संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयएआरसीने, २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात केशरंग वैयक्तिकरीत्या वापरणाऱ्यांविषयी कोणताही निश्चित निष्कर्ष काढण्याजोगा पुरावा नाही असे म्हटले. पण केशकर्तनाचा व्यवसाय करणाऱ्यांना धंद्यामुळे या रसायनांशी जो संपर्क घडतो तो ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात घातला. म्हणजे महिन्यातून एकदा रंग लावून घेणाऱ्या बाईपेक्षा दिवसातून सहा वेळा रंग कालविणारी बाई अधिक संकटात असते. हातमोजे घालणे, ते फाटताच बदलणे, पूड वाटीत ओतताना नाक वाटीवर न नेणे, बंद वातानुकूलित खोलीत अमोनियाची वाफ न कोंडणे, या गोष्टी शिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात अंगवळणी पडावयास हव्यात. हातमोज्यांत केसांचा स्पर्श कळत नाही म्हणून ते न घालणारे जुने हात मी पाहिले आहेत. त्या हातांची चिरलेली, काळवंडलेली बोटेही पाहिली आहेत.

या विद्येची दोन अंगे आज दोन निरनिराळ्या घरांत नांदत आहेत, ही गोष्ट मला खुपते. बलुतेदारीच्या काळापासून हे काम ज्यांच्याकडे चालत आले त्या नाभिक कुटुंबांत, ज्या परंपरेत सेना महाराजांसारखा संत होऊन गेला, मुलगा बापाच्या खुर्चीशेजारी उभा राहून केसाची जात, भोवऱ्याची दिशा, टाळूची नाजूक जागा बोटांनी ओळखावयास शिकतो. हे स्पर्शज्ञान कोणत्याही अभ्यासक्रमाला सहा महिन्यांत देता येणार नाही. पण त्या मुलाला रसायनाचा सिद्धांत कोणी सांगत नाही. दुसरीकडे सर्व जातींच्या मुली पार्लरच्या शिक्षणात शिरल्या, त्यांना वर्णचक्राचा आणि टक्केवारीचा थोडाफार परिचय झाला, पण एका मागून एक शंभर मस्तके हाताखालून जाऊ देण्याइतकी उमेदवारी त्यांना मिळाली नाही. वर समाजाची दृष्टी अशी, की तेच काम मुलीने केले तर ‘ब्यूटिशियन’ म्हणून आदर आणि नाभिकाने केले तर तो वडिलोपार्जित धंदा म्हणून उपेक्षा. एकाच वर्गात, एकाच बाकावर दोघांनी बसून परस्परांपासून शिकावे अशी सोय झाली तर दोघांचेही कल्याण होईल.

ही सोय अशक्य कोटीतील मुळीच नाही. रत्नागिरीत शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. १९४५ पासून चालत आलेले गोगटे-जोगळेकर महाविद्यालय आहे, ज्याच्या रसायनशास्त्राच्या अध्यापकाला पेरॉक्साइडचे गणित शिकविण्यास दोन सायंकाळी पुरतील. जिल्हा रुग्णालयात त्वचेचे डॉक्टर आहेत. दुकान चालविणाऱ्याला दिवसा येणे जमत नाही, म्हणून वर्ग रात्रीचा असावा, आणि सोमवारी, जेव्हा बहुतेक सलून बंद असतात, तेव्हा प्रात्यक्षिक व्हावे. मुदत वर्षाची असावी. कंपन्यांनी आपला माल द्यावा, पण शिकविण्याची सूत्रे त्यांच्या हाती नसावीत. सर्वांत आधी एक मराठी पाठ्यपुस्तक सिद्ध व्हावे, ज्यात काळ्या केसापासून आरंभ असेल, मेंदीवर एक सबंध प्रकरण असेल, लोहयुक्त पाण्यावर एक असेल, आणि नाचणे रस्त्यावरील त्या वहीसारख्या वह्यांतून गोळा केलेले दाखले असतील. हे पुस्तक लिहावयास रसायनाचा प्राध्यापक आणि वीस वर्षे ब्रश धरलेली बाई अशी दोन माणसे शेजारी बसली पाहिजेत; एकट्यादुकट्याचे ते काम नाही.

आणि परीक्षेविषयी माझी एक सूचना आहे. लेखी उत्तरपत्रिका आणि पांढरे केस झाकण्याचे प्रात्यक्षिक हे तर असावेच. पण अखेरच्या दिवशी उमेदवारापुढे गिऱ्हाईक म्हणून अशी बाई बसवावी की जिच्या केसांत विकतची काळी मेंदी आहे, कानामागची चाचणी झालेली नाही, लग्न परवावर आले आहे आणि जी दुप्पट पैसे देऊन आजच्या आज सोनेरी बटा मागते आहे. १८९० साली आपल्या वस्तऱ्याची मर्यादा स्वतः ठरविणाऱ्या कारागिरांचा हा वारसा आहे, असे मी समजतो. म्हणून या उमेदवाराने काय कालविले हे पाहावयाचे नाही. त्याने तिला गोड शब्दांत, पण कारणे सांगून नाही म्हटले का, तिच्या कानामागे थेंब लावला का, आणि अठ्ठेचाळीस तासांनंतरची वेळ वहीत लिहून दिली का, एवढे पाहून गुण द्यावेत. आणि या प्रश्नात जो नापास होईल त्याला बाकी सर्व विषयांत पैकीच्या पैकी गुण असले, तरी सनद देऊ नये.